साउंड बाथला पहिल्यांदा जाताय?

नावात बाथ असलं तरी अंग भिजत नाही. चटईवर उताणं पडून राहायचं आणि वाडगे, गाँग (टांगलेली धातूची मोठी थाळी), घंटा यांच्या नादात तासभर न्हायचं. उत्तर गोव्यात आसगाव, मांद्रे, हरमल या पट्ट्यात अशी सत्रं होतात. बोलणं बहुतेक इंग्रजीत, म्हणून आपली माणसं बिचकतात. बिचकू नका. आपल्या घुमट आरतीतली कासाळी, म्हणजे झांजा, काशाची, हे वाडगेही बहुतेक काशाचेच.

जाण्याआधी. जेवण दोन तास आधी उरका. हुमण-भात पोटभर जेवून आडवं पडलं की नाद राहतो बाजूला. दिवस गेले असतील, फिट येत असेल किंवा पेसमेकर बसवला असेल, तर डॉक्टरांना विचारा आणि नाव नोंदवतानाच तसं सांगा. कान वाजत असतील तर गाँगपासून लांबची जागा मागा.

सोबत शाल आणि मोजे हवेतच. निश्चल पडल्यावर गोव्याच्या उकाड्यातही अंग गार पडतं. संध्याकाळचं सत्र असेल तर डासांचं मलम घरूनच लावून जा.

सुरू झाल्यावर. आधी श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. मग चामडं गुंडाळलेला दांडा वाडग्याच्या काठावरून फिरू लागतो. सुरुवातीला नुसती खरखर, मग हळूहळू नाद वर येतो. दोन वाडग्यांचे सूर अगदी जवळचे असले, समजा 200 आणि 204 हर्ट्झ, तर आवाज सेकंदाला चारदा लहान-मोठा होतो. ती लाट कपाळावरून जातेय असं वाटतं. मला सर्वांत आवडतं ते नाद विरतानाचं ऐकणं. देवळातली घंटा वाजल्यावर मागे गुणगुण राहते ना, तिच्यामागे कान लावून जायचं. ती कुठे संपली ते सापडत नाही.

मन भरकटेल, झोप लागेल, कधी डोळे भरून येतील. येऊ द्या. गाँग सोसवेना तर डोळे उघडा, उठून बाहेर या, त्यात कोणाचा अपमान नाही. याने मन निवतं, हे मी अनुभवलंय. पण रोग बरा होतो असं कोणी सांगितलं, तर त्या भरवशावर गोळ्या बंद करू नका.

संपल्यावर झटकन उठू नका. बोटं हलवा, कुशीवर वळा, मग बसा. पाणी प्या. डोकं जड, सुस्त असतं, म्हणून मी पायरीवर दहा मिनिटं बसते आणि मगच स्कूटरला चावी लावते.