बाळंतिणीला चिनी काढा देताय? या चुका टाळा

सिंगापुरात मराठी घरी बाळंतपण झालं की भारतातून डिंकाचे लाडू यायच्या आत शेजारच्या चिनी आजींची पुडी येते. त्यात बहुधा शेंगह्वा थांग या बाळंतिणीला द्यायच्या चिनी काढ्याचं सामान असतं: दांगग्वेइची मुळं, छ्वानश्युंग नावाची आणखी एक मुळी, पीचच्या बियांतला मगज, काळी होईपर्यंत भाजलेली सुंठ आणि परतलेला ज्येष्ठमध. काढ्याबद्दल माझी तक्रार नाही, तो देणाऱ्यांच्या घाईबद्दल आहे.

पहिली चूक म्हणजे हा काढा टॉनिक समजून महिनाभर पाजणं. फू शान (1607–1684) या वैद्याच्या नावावरच्या स्त्रीरोगाच्या ग्रंथामुळे तो घरोघरी पोचला. गर्भाशयात साकळलेलं रक्त मोकळं व्हावं आणि शेकल्यावर बरं वाटतं तशा कळा कमी व्हाव्यात, एवढंच त्याचं काम. चिनी वैद्य तो मोजके दिवस देतात आणि बंद करतात. ताप असेल, अंगावरून जास्त जात असेल तर देतच नाहीत.

आमच्या ओळखीतली एक मुलगी, दुसरी खेप. दुसऱ्या खेपेला कळा जास्त येतात आणि बाळ अंगावर प्यायला लागलं की वाढतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दवाखान्याने गर्भाशय आकसायची गोळी दिली होती. वर सासूबाईंनी काढा सुरू केला, आणि गुण लवकर यावा म्हणून दुप्पट! पोरगी कळांनी वाकडी व्हायची, गाठी पडायच्या, आणि घरचे म्हणायचे, "घाण जातेय, जाऊ दे." ताप आल्यावर कुठे दवाखाना आठवला. सोनोग्राफीत वारेचा तुकडा आत राहिलेला दिसला. तो कुठल्याच काढ्याने निघाला नसता, पण काढ्याच्या भरवशावर दिवस गेले. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, ताप आला, स्रावाला घाण वास आला किंवा एकाच पोटरीत दुखून सूज आली, तर पातेलं गॅसवरून उतरवा आणि गाडी काढा. मी तरी दवाखान्याच्या गोळ्यांची यादी बघितल्याशिवाय पुडीला हात लावू देत नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर दांगग्वेइ नकोच.

दुसरी चूक, नुसत्या नावावर किंवा फोटोवर ऑनलाइन मुळं मागवणं. दांगग्वेइ आणि दूह्वो नावाची दुसरी एक मुळी कापून वाळवल्यावर सारखेच दिसतात, कूळही जवळचं. दांगग्वेइचा वास सेलरीसारखा उग्र-गोडसर, पण नवख्या नाकाला काय कळणार? नावांचा गोंधळ किती महागात पडतो ते ब्रसेल्समध्ये 1990च्या दशकात दिसलं. फांगजी या एकाच नावाने दोन वेगळ्या मुळ्या मिळतात; वजन घटवायच्या गोळ्यांत एका फांगजीच्या जागी दुसरी फांगजी गेली, तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल हे विष होतं आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हा नोंदणी असलेल्या वैद्याकडून नाडी दाखवूनच पुडी घ्या. दहा मिनिटं वाचवायला ऑनलाइन मागवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

काही हौशी लोकांना काढ्याचा 'मूळ पाठ', म्हणजे जुन्या ग्रंथातली कृती, जसाच्या तसा हवा असतो. मूळ पाठात पिवळी दारू आणि लहान मुलाचं मूत्रही आहे, बघा बुवा.

लोखंडी कढईत उकळू नका, मातीचं किंवा काचेचं भांडं घ्या. कुकरची शिट्टी तर नकोच.

आपला दशमूलारिष्ट आणि हा काढा एकाच दिवशी देऊ नका. काही बिघडलं तर कशाने, ते कुणालाच सांगता येत नाही.

औषधच नको, पण पोटात काहीतरी गरम जावं असं वाटत असेल, तर च्यांग चोंगचिंग या चीनच्या हान राजवटीच्या काळातल्या वैद्याचं दांगग्वेइ, आलं आणि मटणाचं सूप आहे. बाळंतपणानंतरच्या पोटदुखीसाठीही सांगितलेलं. ताप नसेल आणि डॉक्टरांनी दांगग्वेइला हरकत घेतली नसेल, तर मी तेच सुचवते. दांगग्वेइ बेताने, आलं सढळ, आणि मटण बोटांनी सुटेपर्यंत मंद आचेवर.