ब्रिटनमधील पक्ष डावा की उजवा, हे कसे तपासावे

पक्षाच्या नावावरून भूमिका ठरवू नये, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या सतेज पाटील यांच्या गटाने शिवसेनेच्या उमेदवाराला साथ देताना दिलेली ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा अजून सर्वांच्या स्मरणात आहे. ब्रिटनमध्येही नावावर जाऊ नये, मात्र तेथील कारण वेगळे आहे. आपल्याकडे गटातटाच्या सोयीने पक्षाच्या सीमा ओलांडल्या जातात, तर तेथे धोरणेच एकमेकांच्या हद्दीत शिरली आहेत. म्हणून शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनी आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी ‘मजूर पक्ष (लेबर) डावा, हुजूर पक्ष (कॉन्झर्व्हेटिव्ह) उजवा’ एवढे पाठ करून थांबू नये.

कागदावर एक आडवी रेषा अर्थकारणाची (डावीकडे सरकारी मालकी व कामगारहित, उजवीकडे खासगी बाजार) आणि एक उभी रेषा राष्ट्र, स्थलांतर व कुटुंब या प्रश्नांची आखावी. त्यावर पक्ष नव्हे, तर एकेक निर्णय सालासह मांडावा. सालाला फार महत्त्व आहे. उत्पादनसाधनांच्या सामाईक मालकीचे उद्दिष्ट मजूर पक्षाने १९१८ मध्ये आपल्या घटनेच्या चौथ्या कलमात घातले आणि १९९५ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या नेतृत्वाखाली ते कलम बदलून टाकले. १९९७ मध्ये सत्तेवर येताच त्यांच्या सरकारने व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडकडे सोपवला. पण १९९९ मध्ये राष्ट्रीय किमान वेतन लागू केले तेही याच सरकारने. दोन्ही नोंदी शेजारी असल्या, म्हणजे ‘ब्लेअर उजवे झाले’ हा निष्कर्ष किती घाईचा आहे, ते दिसते.

हुजूर पक्षाचीही अशीच तपासणी करावी. १९७१ मध्ये रोल्स-रॉईस कंपनी सरकारच्या ताब्यात घेणारे एडवर्ड हीथ याच पक्षाचे होते आणि १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे समभाग विक्रीला काढणाऱ्या मार्गारेट थॅचरही याच पक्षाच्या. कोरोनाकाळात, २०२० मध्ये, याच पक्षाच्या सरकारने काम थांबलेल्यांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, सरकारी तिजोरीतून दिला. आपत्कालीन निर्णयापुढे मात्र तशी खूण करावी, कारण संकटातील खर्च ही पक्षाची विचारसरणी नव्हे.

जाहीरनाम्यापेक्षा संसदेतील मतदानावर अधिक विसंबावे, असे माझे ठाम मत आहे. समलिंगी विवाहाचे विधेयक २०१३ मध्ये डेव्हिड कॅमेरॉन यांच्या सरकारने आणले, परंतु दुसऱ्या वाचनाच्या वेळी त्यांच्याच पक्षाच्या खासदारांत विरोधी मते अधिक पडली आणि ते मजूर व लिबरल डेमोक्रॅट खासदारांच्या पाठिंब्याने पुढे गेले. ब्रेक्झिटची, म्हणजे युरोपीय संघातून ब्रिटनच्या बाहेर पडण्याची, नोंद उभ्या रेषेवर करावी. २०१९ मध्ये सेजफिल्ड, म्हणजे ब्लेअर यांचा जुना मतदारसंघ, हुजूर पक्षाकडे का गेला, हे केवळ आडव्या रेषेवरून उलगडत नाही.

शेवटी संपाच्या कायद्याकडे वळावे, कारण डावे-उजवेपण संपले असे म्हणणाऱ्यांचे लक्ष तिकडे जात नाही. हुजूर सरकारच्या २०१६ च्या कायद्याने संपासाठीच्या मतदानात किमान ५० टक्के सभासदांचा सहभाग सक्तीचा केला आणि कामगार संघटनांच्या पुढाकारातून जन्मलेल्या मजूर पक्षाने त्याला विरोध केला. लाल बावट्याचे मोर्चे पाहिलेल्या वाचकाने ही नोंद ठळक अक्षरांत करावी.