जुन्या टेप्स डिजिटल करायच्या कामात यायचंय? मग आधी दूरदर्शनचा इतिहास वाचा

मास मीडिया किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून "आता पुढे काय" विचारणारी पोरं भेटली की मी हल्ली त्यांना आर्काइव्हचं काम सुचवते आणि बहुतेकांचा चेहराच पडतो, कॅमेरा नाही, सेट नाही, एसी खोलीत बसून जुन्या कॅसेटी मशीनमध्ये घालायच्या आणि फाईल बनवायची, यात कसलं आलंय करिअर. मी मुंबईत एका प्रायव्हेट ट्रान्सफर लॅबमध्ये बरीच वर्षं हेच करतेय. माझं मत विचाराल तर टीव्हीच्या धंद्यात सगळ्यात डोकं लावायचं काम हेच आहे. मशीन चालवायला कुणीही शिकवेल हो, पण टेपवर नक्की काय आहे, कधीचं आहे ते ओळखायला इतिहास पाठ लागतो आणि तो तुम्हाला कुणी शिकवत नाही.

आपल्याकडे जुनं टीव्ही म्हणजे दूरदर्शनच, दुसरं काही नव्हतंच. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रयोग म्हणून सुरू झालं, १९६५ पासून रोज लागायला लागलं, मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या ट्रान्समीटरमुळे पुण्यातही दिसायला लागलं. तोपर्यंत हे सगळं आकाशवाणीचंच एक अंग होतं, १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन वेगळं झालं. म्हणजे डब्यातल्या पिवळ्या कागदावर आकाशवाणीचं नाव दिसलं तर तो धागा पकडायचा. जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून, त्यामुळे मध्येच साबणाची जाहिरात आली तर टेप त्याच्या आधीची नाही हे लगेच कळतं. या तारखा परीक्षेसाठी नाही, रोजच्या कामाला लागतात.

सत्तरच्या दशकातलं फार काही हाती लागणार नाही याची आधीच मनाची तयारी ठेवा. बरंचसं लाइव्ह जायचं, बातम्यांची दृश्यं १६ एमएम फिल्मवर शूट व्हायची, आणि व्हिडिओ टेप बाहेरून यायची, महाग असायची, म्हणून तीच पुसून परत वापरायचे. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या हे सगळ्यांना माहितीये, पण त्या काळातल्या रोजच्या बातमीपत्रांचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं असतं असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, बजेट तेवढंच होतं.

मग १९८२. एशियाडचं वर्ष, १५ ऑगस्टपासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम, रंगीत प्रक्षेपण, आणि पुढे १९८४ च्या सुमाराला छोट्या ट्रान्समीटरची रांगच लागली. नवीन मुलं काय करतात, चित्र ब्लॅक अँड व्हाइट दिसलं की डोळे मिटून "१९८२ पूर्वी" टाकतात. असं करू नका. रंगीत कॅमेरे सगळीकडे एका दिवसात नाही आले, आणि कधी कधी तर टेप रंगीतच असते, आपल्या मशीनचं कलर लॉक होत नसतं, म्हणजे मशीनला रंगाचा सिग्नल पकडता येत नसतो. आधी मशीन बघा मग इतिहास लिहा.

कॅसेटींबद्दल थोडं. तुमच्या हातात मुख्यतः यू-मॅटिक, बीटाकॅम आणि बीटाकॅम एसपी, डिजिबीटा आणि डीव्हीसीप्रो येतील. यू-मॅटिक ही पुस्तकाएवढी जाड कॅसेट, मोठी साठ मिनिटांची, फील्डवरची छोटी वीस मिनिटांची. ती आली की लगेच मशीनमध्ये कोंबायची नाही. झडप उचलून टॉर्चने टेपच्या गुंडाळीची कड बघायची, पांढरी कोळिष्टकासारखी तार दिसली तर ती बुरशी, मुंबईच्या हवेत हे हमखास होतं, अशी कॅसेट बाजूला वेगळ्या पिशवीत ठेवायची, नाहीतर एकीची बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या मशीनच्या भागाला, लागून पुढच्या दहा कॅसेटींना लागते. मशीनमध्ये गेल्यावर कान उघडे ठेवा. टेप किंचाळल्यासारखा आवाज करायला लागली तर त्याच क्षणी स्टॉप, तिचं बाइंडर, म्हणजे टेपवरचा थर धरून ठेवणारा गोंद, चिकट झालंय, अजून दोन मिनिटं चालवलीत तर ऑक्साइड (ज्या थरात चित्र असतं तो) हेडवर आणि कार्यक्रम गेला. अशा टेपला मंद उष्णता देऊन तात्पुरतं वाचवता येतं पण ते कंट्रोल्ड ओव्हनमध्ये, घरच्या ओव्हनमध्ये नाही, हे सांगावं लागतं म्हणून सांगतेय. आणि ट्रान्सफर होतो रिअल टाइममध्येच, तासाच्या टेपला तास लागतो, वर साफसफाई वेगळी. "डिजिटल म्हणजे झटपट" असं ज्या क्लायंटला वाटतं त्याला हे समजावणं हाही कामाचाच भाग.

आता माझा आवडता भाग. एक टेप आली होती, लेबलवर फक्त "शेतकरी मुलाखत", तारीख नाही, केंद्राचं नाव नाही. ओसरीवर बसलेले आजोबा खताबद्दल बोलतायत आणि मागे भिंतीवर कालनिर्णय. ऑगस्टचं पान, फ्रेम थांबवून बघितलं तर १५ तारीख मंगळवारी. कालनिर्णय सुरू झालं १९७३ मध्ये, त्यानंतर २००० पर्यंत, म्हणजे अशा टेपचा जोर होता तोवर, १५ ऑगस्टला मंगळवार येतो १९७८, १९८९, १९९५ आणि २००० मध्ये. चित्र रंगीत, टेप बीटाकॅम एसपी, म्हणजे १९७८ बाद. महिन्याच्या शेवटाकडे एका चौकोनात गणपतीचं चित्र धूसर दिसत होतं आणि या चार वर्षांत गणपती ऑगस्टमध्ये आले ते फक्त १९९५ ला, २९ तारखेला. झालं की काम! आणि १९९५ म्हणजे मराठीसाठी डीडी-१० चा काळ, जे १९९४ ला सुरू झालं आणि २००० मध्ये सह्याद्री झालं, मग कार्यक्रमाचे कागद कुठल्या नावाखाली शोधायचे हेही ठरलं. अर्थात मागच्या वर्षीचं कॅलेंडर तसंच लटकत ठेवणारी घरं असतात, तेव्हा मेटाडेटात, म्हणजे फाईलसोबतच्या माहितीत, "१९९५, कॅलेंडरवरून अंदाज" असंच लिहायचं, नुसतं १९९५ नाही. अंदाज आणि खात्री यात फरक न करणारा माणूस आर्काइव्हला कॅसेटीवरच्या बुरशीइतकाच डेंजर.

फाईलबद्दल एकच भांडण करते मी सगळ्यांशी. जुनं चित्र ४:३ आहे, पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही सिस्टिमचं, ६२५ ओळी, सेकंदाला पन्नास फील्ड (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र). ते १६:९ मध्ये ओढून ताणून माणसं जाडी करू नका, आणि वरखाली कापून डोकीही उडवू नका. मास्टर फाईल इंटरलेस्डच, म्हणजे ती अर्धी चित्रं वेगळी तशीच, ठेवायची, ती जोडून पूर्ण चित्र करणं म्हणजे डीइंटरलेस फक्त यूट्यूबच्या कॉपीसाठी. दहा बिट अनकम्प्रेस्ड ठेवलं तर तासाला नव्वद-शंभर जीबी जातात, एफएफव्ही१ सारख्या लॉसलेस कोडेकमध्ये, म्हणजे काही न गमावता फाईल लहान करायच्या पद्धतीत, ते बरंच खाली येतं आणि तो कोडेक फुकट आहे. मग एलटीओ टेपवर (कॉम्प्युटरचा डेटा साठवायची टेप) दोन कॉप्या, दोन वेगळ्या इमारतींत. हो, टेपवरून काढून परत टेपवरच, हसा तुम्ही, पण हार्ड डिस्क कपाटात पडून पडून कधी मरेल सांगता येत नाही.

प्रक्षेपणाची बाजू पण माहिती ठेवा, कारण इंजिनीअरिंगवाल्यांचं काम तिकडेच बदललं. वरळीचा टॉवर मुंबईकरांना लांबून दिसतो, पण छतावरचा अँटेना फिरवून चित्र आणायचे दिवस संपले, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले, २०२२ पर्यंत मोजक्या सीमेवरच्या वगैरे जागा सोडून जवळजवळ सगळेच. त्याची जागा घेतली दूरदर्शनच्याच फ्री डिश या सॅटेलाइट सेवेने, जी डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने आली, महिन्याचं भाडं नाही, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की झालं, गावाकडे आजही घराघरात तीच दिसेल. त्यातले स्लॉट खासगी चॅनलांना लिलावाने विकतात, म्हणजे सरकारी प्लॅटफॉर्मला त्यातून पैसा येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या फिल्म फेस्टिव्हलला वेव्हज नावाचं ओटीटी पण सुरू केलं.

या सगळ्याचा आपल्या कामाशी संबंध असा की इतके पडदे भरायला माल लागतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्या लागल्या रामायण परत दाखवलं आणि अख्खा देश बसला बघत, तेव्हा जुन्या टेप म्हणजे अडगळ नाही हे वरच्यांना पण पटलं. माझं प्रामाणिक मत, मोठ्या मालिका कशाही वाचतील, त्यांना कुणी ना कुणी वाली आहे. खरी घाई आहे ती शेतीचे, कामगारांचे, लोककलेचे, बालगोपाळांचे प्रादेशिक कार्यक्रम काढायची, एकच कॉपी, लेबल उडालेलं, आणि यू-मॅटिकची मशीन नवीन बनत नाहीत, जुनीचे पार्ट काढून दुसरी चालवायची असं चाललंय.

शिरायचं कसं म्हणाल तर रस्ते बरेच आहेत. पुण्याला एफटीआयआयमध्ये टीव्हीचे एक वर्षाचे कोर्स असतात, व्हिडिओ एडिटिंग, साउंड आणि टीव्ही इंजिनीअरिंग वगैरे. लायब्ररी सायन्सवाल्यांना कॅटलॉगिंगमध्ये चांगली संधी असते, हे त्यांनाच माहीत नसतं. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या प्रिझर्व्हेशनच्या वर्कशॉप वेगवेगळ्या शहरांत होतात, त्यांचा भर फिल्मवर आहे पण हात तयार होतात. प्रसार भारतीच्या कंत्राटी जागांच्या जाहिराती त्यांच्याच वेबसाइटवर येतात, मध्ये कुणी एजंट पैसे मागत असेल तर सरळ फुटा. खासगी लॅबमध्ये सुरुवातीला पगार बेताचाच मिळेल आणि काम प्रोजेक्टवर, टेंडर संपलं की दोन-तीन महिने रिकामे जाऊ शकतात, तेवढी गंगाजळी ठेवा.

इंटरव्ह्यूला येताना शोरील (आपल्या कामाच्या निवडक क्लिप) आणू नका, कुणी बघत नाही. त्यापेक्षा घरातली किंवा शेजाऱ्यांची एखादी लग्नाची व्हीएचएस घ्या, एफएफएमपेग हे व्हिडिओ फाईलचं फुकट सॉफ्टवेअर शिका, ती नीट उतरवा, आणि सोबत एक पानभर माहिती लिहा, कोण दिसतंय, कुठलं कार्यालय, साल कशावरून काढलं, कुठे टेप खराब आहे मिनिट-सेकंदासकट. मी मुलाखत घेते तेव्हा आधी ते पान वाचते, फाईल नंतर उघडते.