थिसिसचे रेफरन्स शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, माझा अनुभव

सबमिशनला चार दिवस उरलेले आणि गाईड मॅडमनी इंट्रोडक्शनच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलं, "इथं एक रेफरन्स हवा," म्हणजे ही माहिती कुठल्या पेपरमधून (संशोधन लेखातून) घेतली त्याची नोंद. एकच. पण मेडिकलमध्ये बहुतेक ठिकाणी व्हँकुव्हर पद्धत चालते, म्हणजे मजकुरात जो पेपर आधी आला त्याला १, पुढच्याला २, आणि तोच पेपर नंतर परत कुठं आला तरी त्याचा आकडा तोच. त्यामुळं पहिल्या पानावर नवा ३ नंबर घातला की खालचे सगळे एकेकानं सरकले. माझे ९४ रेफरन्स होते, सगळे हातानं टाईप केलेले. दोन रात्री रूममेट आकडे वाचत बसली आणि मी बदलत बसले, २७ चा २८ केला, मग आधी बदललेला २८ परत २९ झाला, शेवटी कुठला आकडा कुठल्या पेपरचा तेच कळेना. कोल्हापुरात राजारामपुरीत बायंडिंगला द्यायच्या दिवशी सकाळपर्यंत हेच चाललं होतं. आता ज्युनियर सिनॉप्सिस (थिसिसचा आधी द्यायचा आराखडा) घेऊन माझ्याकडं येतात तेव्हा सॅम्पल साईझच्या आधी मी रेफरन्सचं विचारते.

पहिलं काम, सिनॉप्सिस लिहायला घेतलं त्याच दिवशी झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून घ्या. फुकट आहे, वर्डमध्ये त्याचा टॅब येतो आणि ब्राउजरमधलं बटण दाबलं की पबमेडवरचा (मेडिकल पेपर शोधायची वेबसाईट) पेपर थेट लायब्ररीत जातो. मेंडले, एंडनोट पण चालतात, कॉलेजनं दिलं असेल तर तेच वापरा. मधे नवा रेफरन्स घातला की आकडे आपोआप सरकतात. फक्त एक पाळा, वर्डमध्ये तो आकडा हातानं खोडून दुसरा टाईप करायचा नाही, बदल नेहमी त्या टॅबमधूनच करायचा. आणि झोटेरोचे कोड काढून साधा मजकूर करायचा असेल तर तो वेगळ्या कॉपीवर, मूळ फाईल तशीच ठेवा, कारण करेक्शन हमखास येतात.

पण सॉफ्टवेअरवर सगळं सोडून पण चालत नाही. जुन्या पेपरची टायटल बऱ्याचदा सगळी कॅपिटलमध्ये येतात, कधी लेखकाचं आडनाव आणि नाव उलटं पडतं, ऑनलाईन आधी आलेल्या पेपरला तेव्हा व्हॉल्यूम आणि पानं नसतात आणि सहा महिन्यांनी ती मिळालेली असतात. म्हणून सबमिशनच्या आधी एकदा प्रत्येक रेफरन्स पबमेडवर उघडून मिळवून बघायचा. लई कंटाळवाणं आहे, तरी करा.

व्हँकुव्हरमध्ये एका रेफरन्सचा क्रम असा: लेखक, टायटल, जर्नलचं नाव, मग वर्ष, अर्धविराम, व्हॉल्यूम, कंसात अंक, कोलन, पानं. जर्नलचं नाव पूर्ण नाही तर ठरलेलं आखूड रूप, ते मनानं बनवायचं नाही, एनएलएमच्या (अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन) कॅटलॉगमध्ये शोधलं की मिळतं. पानं २८४ ते २८७ असली तर २८४-७ एवढंच. लेखक सहापेक्षा जास्त असले तर सहा नावं आणि पुढं एट अल, म्हणजे "आणि इतर". इथं पोरं फसतात, कारण पबमेडच्या "Cite" बटणात एएमए ही दुसरी पद्धत निवडली तर तीनच नावं येतात, आणि एपीए तर वेगळंच, तिथं आकडेच नाहीत, मजकुरात नाव आणि वर्ष. अर्धे इकडून अर्धे तिकडून उचलले की यादी बघताक्षणी कळते. युनिव्हर्सिटीची किंवा जर्नलची सूचना आधी वाचा आणि एकच पद्धत शेवटपर्यंत धरा. टेबलात दिलेल्या रेफरन्सचा आकडा त्या टेबलचा उल्लेख मजकुरात पहिल्यांदा जिथं येतो त्या जागेनुसार पडतो, हे मला फार उशिरा कळलं.

ही पद्धत १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमलेल्या काही मेडिकल जर्नलच्या एडिटरांनी ठरवली, तोवर प्रत्येक जर्नलचं वेगळं असायचं. त्याच गटाला आज आयसीएमजेई (मेडिकल जर्नलच्या एडिटरांची आंतरराष्ट्रीय समिती) म्हणतात. मला विचाराल तर रेफरन्स म्हणजे पत्ता. शिवाजी पेठेत जाऊन नुसतं "पाटलांचं घर कुठं" विचारलं तर कोण सांगणार, कुठली गल्ली, कुठल्या तालमीजवळ हे सांगावंच लागतं. व्हॉल्यूम किंवा पान चुकलं की वाचणारा दुसऱ्याच दारात उभा राहतो.

आणि पत्ता बरोबर असून घरात आपण सांगतो ते नसेल तर? व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांनी, माझा एक रेफरन्स दाखवून विचारलं, हा पूर्ण वाचलाय का. वाचला नव्हता, एका रिव्ह्यूमधून (आधीच्या पेपरांचा आढावा घेणाऱ्या लेखातून) वाक्यासकट उचलला होता. गप्प उभी राहिले, तो क्षण अजून आठवतो.

न वाचता रेफरन्स देण्याचं एक मोठं उदाहरण १९८० चं आहे. न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पोर्टर आणि जिक यांचं एका परिच्छेदाचं पत्र आलं, व्हॉल्यूम ३०२, पान १२३. हॉस्पिटलात ॲडमिट असताना नार्कोटिक (अफूसारखी वेदनाशामकं, म्हणजेच ओपिऑइड) दिलेल्या ११,८८२ पेशंटमध्ये नीट नोंद झालेलं ॲडिक्शन फक्त चौघांत दिसलं, एवढंच. पुढं लोक ते पत्र "ओपिऑइडनं ॲडिक्शन क्वचितच होतं" म्हणून देत गेले. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये मोजदाद आली: ६०८ ठिकाणी सायटेशन, आणि त्यातल्या ८०.८ टक्के ठिकाणी हे पेशंट हॉस्पिटलात ॲडमिट होते हे सांगितलंच नव्हतं. तोवर अमेरिकेत त्या गोळ्यांनी किती घरं गेली ते आपण वाचलंच आहे. म्हणून ज्युनियरना माझा नियम एकच, पीडीएफ उघडून वाचली नसेल तर यादीत घालायचं नाही.

हल्ली चॅटबॉटला रेफरन्स मागायची सवय लागलीय. तो खरं जर्नल, खरं वाटणारं टायटल, पानासकट देतो आणि बऱ्याचदा असा पेपरच नसतो. डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाईन नंबर) टाकून बघा, पबमेडवर शोधा, नाही मिळाला तर काढून टाका. पेपर मागं घेतलाय का तेही बघा, लान्सेटमधला १९९८ चा एमएमआर लस आणि ऑटिझमचा पेपर २०१० मध्ये रद्द झाला, पबमेडवर तशी ठळक नोंद आहे आणि झोटेरो पण मागं घेतलेल्या पेपरवर खूण दाखवतो.

राहिलं तुमचं स्वतःचं नाव. आपल्याकडं एकदा नुसतं नाव-आडनाव, एकदा वडिलांच्या नावासकट, लग्नानंतर तिसरंच, आणि पबमेडवर पाटील एस म्हणून शोधलं तर ढीगभर निघतात. पहिला पेपर पाठवायच्या आधी एक रूप ठरवा आणि ऑर्किड आयडी (संशोधकाचा स्वतःचा कायमचा नंबर) काढून ठेवा, फुकट आहे. माझे दोन पेपर वेगवेगळ्या आडनावांवर आहेत आणि ते दोन्ही माझेच आहेत हे दर इंटरव्ह्यूला कागद दाखवून सांगावं लागतं.