पावनखिंडीची लढाई एकतर्फी होत असेल तर : माझा अनुभव

जुलै 1660 मधील पावनखिंडीची लढाई मी संगणकीय खेळासाठी रचली, तेव्हा दादरच्या मित्रांबरोबरच्या चाचण्यांत आदिलशाही सरदार सिद्दी मसूदची बाजू सहज जिंकत असे. मावळ्यांचे बळ वाढवले की तेच अजिंक्य होत आणि इतिहास खोटा पडे, हे फार जिव्हारी लागले.

प्रथम दोन्ही बाजूंचे मूळ संख्याबळ परत ठेवले. मग पटावरील खिंडीच्या प्रत्येक घरात एका वेळी एकच तुकडी मावेल अशी मर्यादा घातली. त्यानंतर विजयाची अट शत्रूच्या हानीवरून काढून, विशाळगडावर तोफेचे बार होईपर्यंत खिंड रोखण्यावर नेली. बाजीप्रभू पडले तरी ही अट कायम राहते. शेवटी तोफेच्या बारांची वेळ 10 ते 14 खेळींदरम्यान गुप्त ठेवली, कारण ती आधी कळली की आदिलशाही खेळाडू हिशेबाने तुकड्या राखून ठेवतो. आता निकाल अखेरच्या खेळीपर्यंत सांगता येत नाही.