अली (१९६६) विरुद्ध टायसन (१९८८): न झालेल्या लढतीचा अंदाज कसा बांधायचा

२० जानेवारी १९७० च्या रात्री अमेरिकेतल्या शेकडो थिएटरांत एक लढत दाखवली गेली, जी कधी झालीच नव्हती: मुहम्मद अली विरुद्ध रॉकी मार्सियानो. मरे वोरोनर नावाच्या निर्मात्याने बॉक्सिंगच्या जाणकारांची मतं गोळा करून ती एनसीआर या कंपनीच्या संगणकात भरली होती आणि दोघांकडून मायामीच्या स्टुडिओत एकेका मिनिटाचे राउंड शूट करून घेतले होते. निवृत्तीला तेरा वर्षं उलटलेल्या मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. अमेरिकेत मार्सियानो तेराव्या राउंडला नॉकआउटने जिंकला. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला.

संगणकाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ‘कोण भारी?’ असा मोघम प्रश्न विचारला की ज्याला जे हवं ते उत्तर काढता येतं, मग ते यंत्र असो की चहाच्या टपरीवरचं टोळकं. खाली दिलेल्या पद्धतीला एक कोरा कागद, जुन्या लढतींचे पूर्ण व्हिडिओ आणि साधी स्प्रेडशीट एवढंच लागतं. उदाहरण अली-टायसनचं घेतलंय, कारण या जोडीत चुका करायला सगळ्यात जास्त वाव आहे.

आधी तारीख

अली म्हणजे नेमका कधीचा? कागदावर पहिली ओळ हीच. आपण १४ नोव्हेंबर १९६६ ची रात्र धरू. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला त्याने तिसऱ्या राउंडमध्ये संपवलं, वजन साधारण २१३ पौंड. टायसन २७ जून १९८८ चा: अटलांटिक सिटी, मायकेल स्पिंक्स ९१ सेकंदांत गारद, वजन २१८ पौंड. त्या रात्रीनंतर त्याची कारकीर्द ३५ विजय, त्यातले ३१ नॉकआउट, हार शून्य.

तारीख एकदा लिहिली की पुढचा सगळा पुरावा त्या तारखेच्या आगेमागे वर्ष-दोन वर्षांतलाच घ्यायचा. इथेच बहुतेक जण घसरतात. अलीच्या पायांची चपळाई १९६६ ची घेतात आणि मार खाण्याची ताकद १९७४-७५ ची, म्हणजे किन्शासात फोरमनविरुद्ध आणि मनिलात फ्रेझरविरुद्ध दाखवलेली. असा अली कधी अस्तित्वातच नव्हता. पाय होते तेव्हा त्याला तेवढा मार खावाच लागत नव्हता. पाय गेले तेव्हा कळलं की हा माणूस मारही पचवतो. १९६६ च्या अलीचा दम सिद्ध करायचा तर त्याच काळातला पुरावा द्या: मार्च १९६६ मध्ये टोरांटोला चुवालोविरुद्ध आणि फेब्रुवारी १९६७ मध्ये टेरेलविरुद्ध तो पूर्ण १५ राउंड लढला. तेवढा पुरतो.

टायसनच्या बाजूनेही हीच लबाडी चालते. ‘त्याने लॅरी होम्सला चौथ्या राउंडमध्ये पाडलं, आणि होम्स म्हणजे अलीचीच शैली.’ शैलीचं ठीक आहे. पण जानेवारी १९८८ मधला होम्स ३८ वर्षांचा होता आणि जवळपास पावणेदोन वर्षं रिंगबाहेर होता. हा पुरावा अर्ध्या वजनाने घ्या, त्याहून जास्त नाही.

मग नियम

किती राउंड, केवढी रिंग, कोणत्या पद्धतीचं गुणांकन, रेफरी कसा, हे सगळं आधी लिहा. अलीच्या काळात जगज्जेतेपदाची लढत १५ राउंडची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये मॅन्सिनीविरुद्ध लढलेला कोरियाचा किम दुक-कू दगावला, आणि पुढच्या काही वर्षांत एकेक संघटना १२ राउंडवर आली. आपण १२ धरू, मग १५ करून काय बदलतं तेही पाहू.

रिंग १८ फुटी की २० फुटी, हा फरक बोलताना किरकोळ वाटतो. गुणाकार करा: ३२४ चौरस फूट आणि ४०० चौरस फूट. पळायला जवळजवळ पावपट जास्त जागा. मागे सरकत लढणाऱ्याला २० फुटी रिंग म्हणजे एक मित्रच आत उतरवल्यासारखं आहे.

रेफरीकडे कुणीच लक्ष देत नाही, आणि या लढतीत तर तो तिसरा लढवय्या आहे. जवळ आलेल्या बुटक्या प्रतिस्पर्ध्याची मान खाली दाबून धरायची, ही अलीची हमखास युक्ती. जानेवारी १९७४ च्या दुसऱ्या फ्रेझर लढतीत त्याला ती बिनदिक्कत करू दिली गेली आणि तो गुणांवर जिंकला. क्लिंच (एकमेकांना मिठी मारून अडकणं) पटकन सोडवणारा, मान धरली की गुण कापणारा रेफरी उभा केला तर टायसनचा भाव लगेच वाढतो. आपला रेफरी मधला धरू: ताकीद देतो, गुण कापत नाही.

हलक्या वजनगटांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. पूर्वी वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं, आता आदल्या दिवशी होतं. त्यामुळे आजचा १४७ पौंडी माणूस रिंगमध्ये उतरतो तेव्हा बराच जड झालेला असतो. जुन्या काळच्या रे रॉबिन्सनला त्याच्यासमोर उभं करण्याआधी वजन कुणाच्या काळच्या पद्धतीने होणार ते ठरवा. हेवीवेटला ही कटकट नाही.

व्हिडिओ कसा बघायचा

क्षणचित्रं बघू नका. त्यात फक्त लागलेले ठोसे असतात. हुकलेले आणि क्लिंचमध्ये वाया गेलेला वेळ कापलेला असतो. प्रत्येकाच्या दोन-तीन पूर्ण लढती घ्या, त्यातली एक तरी अडखळत जिंकलेली असावी. समालोचन बंद करा. प्रत्येक राउंड दोनदा बघा: एकदा फक्त एकाकडे, एकदा फक्त दुसऱ्याकडे. मूकपटाच्या काळातली फिल्म असेल, उदाहरणार्थ डेम्प्सीची, तर आधी घड्याळ लावा. पूर्ण दाखवलेला तीन मिनिटांचा राउंड १८० सेकंदांच्या बऱ्याच आधी संपत असेल तर फिल्म पळवली गेली आहे आणि डेम्प्सीचा तो वेग खोटा आहे. प्लेअरवर वेग कमी करून मगच मत बनवा.

बघायचं काय? ठोसा जाताना सगळेच बघतात. तुम्ही हात परत कुठे येतो ते बघा. १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगने जो लुईची फिल्म अशीच पाहिली: जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारल्यावर लुईचा डावा हात सरळ हनुवटीपाशी परत येत नव्हता, किंचित खाली पडून येत होता. त्या फटीतून श्मेलिंगने उजवा हात घातला. चौथ्या राउंडला लुई खाली, बाराव्या राउंडला बाद. त्याआधी लुई अपराजित होता. नुसता हार-जितीचा तक्ता बघणाऱ्याला ही फट दिसणं शक्यच नव्हतं.

आता हीच नजर अलीवर लावा. हात कमरेपाशी, आणि ठोसा आला की डोकं सरळ मागे. हे चुकवणं फक्त अंतराच्या भरवशावर आहे. तो कुणाच्या हातून पडला? १९६२ मध्ये सॉनी बँक्स, १९६३ मध्ये हेन्री कूपर, १९७१ च्या पंधराव्या राउंडमध्ये जो फ्रेझर. तिन्ही वेळा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा. (१९७५ मध्ये वेपनरविरुद्ध पडला तो नॉकडाउन वादग्रस्त आहे, तो सोडू.) आणि टायसनचं सगळ्यात घातक हत्यार कोणतं? १९८६ मध्ये एकाच डाव्या हुकनंतर बर्बिक उठायला गेला आणि पुन्हा पुन्हा कोलमडला. हे कागदावर ठळक लिहा.

टायसनकडे वळा. पहिले चार राउंड डोकं घड्याळाच्या लंबकासारखं हलतं, ठोसे जोडीने येतात. पुढे डोक्याची हालचाल मंदावते आणि एकेकटा ठोसा यायला लागतो. धरलं की तो आतून काम करत नाही, रेफरीने सोडवण्याची वाट बघत उभा राहतो. १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथने निव्वळ मिठ्या मारून १२ राउंड काढले. टकरनेही उंची, जॅब आणि क्लिंचवर पूर्ण १२ काढले. दोघेही हरले, पण उभे राहून हरले.

हाताचा पल्ला अलीचा ७८ इंच, टायसनचा ७१. ही सात इंचं कागदावर एकदाच मोजा. ‘पल्ला जास्त’ म्हणून एक गुण आणि ‘जॅब चांगला’ म्हणून दुसरा गुण दिलात तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मोजलेत.

जवळचा नमुना शोधा, साखळी लावू नका

‘अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, म्हणून अ क ला हरवेल’ हे गणित बॉक्सिंगमध्ये चालत नाही. फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं. फोरमनने १९७३ मध्ये फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. नॉर्टनने त्याच वर्षी अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं, आणि पुढच्या वर्षी फोरमनने नॉर्टनलाही दोन राउंडमध्ये गुंडाळलं. साखळी लावली तर किन्शासात फोरमन अलीला चिरडणार, हे ठरलेलंच. झालं उलटं, आठव्या राउंडला.

त्याऐवजी प्रत्येकासमोर दुसऱ्याच्या जवळात जवळचा कोण उभा राहिला होता ते शोधा. अलीसाठी दोन नमुने आहेत. फ्लॉइड पॅटरसन टायसनसारखाच प्रशिक्षक कस डी’अमाटोच्या तालमीतला, तीच हात गालाशी ठेवायची पद्धत. १९६५ मध्ये अलीने त्याला बाराव्या राउंडला थांबवलं. पण पॅटरसन वजनाने बराच हलका आणि त्या रात्री पाठीने बेजार. दुसरा फ्रेझर: उंची, डावा हुक, वाकून आत शिरणं, सगळं जुळतं. फरक एकच, पण मोठा. फ्रेझर इंजिनासारखा हळूहळू तापत जायचा. टायसन पहिल्या घंटेलाच पूर्ण तापलेला असतो आणि मग निवत जातो. म्हणून अलीला धोका पहिल्या चार राउंडमध्ये, आणि टायसनला आठव्यानंतर.

आता आकडे

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक राउंडला तीन आकडे द्या: टायसन लढत तिथेच संपवण्याची शक्यता, अली संपवण्याची शक्यता, आणि राउंड पूर्ण झाला तर तो अलीच्या नावे जाण्याची शक्यता. आमचे आकडे असे:

राउंड १ ते ४: टायसन ५ टक्के, अली अर्धा टक्का.
राउंड ५ ते ८: दोघंही ३ टक्के.
राउंड ९ ते १२: टायसन दीड टक्का, अली ६ टक्के.
पूर्ण झालेला राउंड: अली ६० टक्के.

टायसनचा नॉकआउटचा इतिहास बघता ५ टक्के कमी वाटतील. पण तो इतिहास इतरांविरुद्धचा आहे. अली उभ्या कारकिर्दीत एकदाच वेळेआधी थांबला, १९८० मध्ये होम्सविरुद्ध, तोही त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानेच लढत थांबवली म्हणून. अलीला ६० च का, ७० का नाही? कारण सतत पुढे येणाऱ्याला पंच गुण देतात, हे १९७१ मध्ये दिसलं.

शीटवर १ ते १००० मधला यादृच्छिक आकडा काढा. पहिल्या राउंडला १ ते ५० आला तर टायसन जिंकला, ५१ ते ५५ आला तर अली, त्यापुढे काहीही आला तर राउंड पूर्ण. मग १ ते १०० मधला दुसरा आकडा, ६० पर्यंत आला तर राउंड अलीचा. अशा हजार लढती खेळवा. दहा-वीस लढतींवर थांबू नका, तेवढ्यात निकाल कुठेही झुकतो.

गुणाकार करून हेच थेटही निघतं. टायसन वेळेआधी जिंकतो: ३० टक्के, त्यातले १८ पहिल्या चार राउंडमध्येच. अली वेळेआधी: २४ टक्के. लढत बाराव्या घंटेपर्यंत जाते: ४६ टक्के, त्यातले ३४ अलीचे आणि १२ टायसनचे (बरोबरी अर्धी-अर्धी वाटून). एकूण अली ५८, टायसन ४२.

खरी गंमत आकडे हलवल्यावर कळते. १५ राउंड करा, शेवटच्या तिन्हींना आधीच्या चारांचेच टक्के द्या: अली ६०. म्हणजे ज्या नियमावर लोक तासनतास भांडतात, तो दोनच टक्के हलवतो. आता १२ राउंडच ठेवा आणि फक्त पहिल्या चार राउंडमध्ये टायसनचे ५ चे ८ करा: अली ५१, टायसन ४९. तीन टक्क्यांच्या फेरफाराने लढत काट्यावर. वाद घालायचाच असेल तर त्या पहिल्या १२ मिनिटांवर घाला. आणि समोरचा ‘छे, टायसन खातो त्याला’ म्हणाला, तर शीट पुढे सरकवा आणि कोणत्या चौकटीतला आकडा बदलायचा ते विचारा.

शीट आधी खऱ्या लढतींवर तपासा

न झालेल्या लढतीत तुमची चूक कधीच पकडली जात नाही. म्हणून ज्यांचा निकाल माहीत आहे अशा आठ-दहा लढती घ्या, लढतीच्या आदल्या दिवसापर्यंतचीच माहिती वापरून आकडे भरा, आणि मग निकालाशी ताडून बघा. त्यात ११ फेब्रुवारी १९९० ची टोकियोची लढत असलीच पाहिजे. लास व्हेगासला बस्टर डग्लसचा भाव ४२ ला १ होता, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के. दहाव्या राउंडला टायसन गुडघ्यांवर आपला दातांचा गार्ड चाचपडत होता. डग्लसचा पल्ला ८३ इंच आणि जॅब लांब, हे आदल्या दिवशीही कागदावर होतंच. टायसन केव्हिन रूनी या प्रशिक्षकापासून १९८८ मध्येच वेगळा झाला होता, हेही जगजाहीर होतं. तुमची शीटही डग्लसला दोन-तीन टक्केच देत असेल, तर बहुधा पहिल्याच ओळीत घोळ आहे: टायसनच्या नावापुढे १९९० लिहिलंय आणि आकडे १९८८ चे भरलेत.