फुप्फुसातील गुठळीनंतर तीन महिन्यांनीही धाप लागत असेल, तर दवाखान्यात या चुका टाळा

फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, म्हणजेच पल्मोनरी एम्बोलिझम झाला, की रुग्ण मोठ्या रुग्णालयात जातो, तिथे सिटी स्कॅनवर निदान होते आणि काही दिवसांत तो रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेऊन घरी परततो. त्यानंतरचे महिने मात्र तो आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडेच येत असतो, आणि ‘अजून जिना चढताना धाप लागते’ हे वाक्य सर्वप्रथम त्याच दवाखान्यात उच्चारले जाते. ते तिथे नीट ऐकले गेले नाही, तर पुढे ते ऐकणारा कोणी बराच काळ भेटत नाही.

बहुतेक रुग्णांत औषधांच्या आधाराने शरीर गुठळी हळूहळू विरघळवून टाकते. काहींच्या बाबतीत ती विरघळत नाही. ती तंतुमय होते, रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला व्रणासारखी चिकटते आणि रक्ताची वाट कायमची अरुंद करते. त्यातच बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीही जाड होत जातात, फुप्फुसातील रक्तदाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकू लागते. या अवस्थेला क्रॉनिक थ्रॉम्बोएम्बोलिक पल्मोनरी हायपरटेन्शन म्हणतात. तज्ज्ञांच्या बोलण्यात ते ‘सीटेफ’ (CTEPH या आद्याक्षरांवरून) असते. गुठळीतून वाचलेल्या दर १०० रुग्णांपैकी साधारण २ ते ४ जणांना ते होते. प्रमाण कमी आहे हे खरे, पण फुप्फुसातील वाढलेल्या रक्तदाबाच्या प्रकारांपैकी शस्त्रक्रियेने मुळापासून बरा होण्याची शक्यता असलेला हा प्रकार आहे, आणि म्हणूनच तो हातातून निसटला की मनाला फार लागते. युरोप आणि कॅनडातील २७ केंद्रांनी ६७९ रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंतचा मध्यक काळ सुमारे १४ महिने निघाला.

गोळ्यांचा कोर्स संपला म्हणून फाइल बंद करणे

ही सर्वांत मोठी चूक आहे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गुठळीनंतर ३ ते ६ महिन्यांनी प्रत्येक रुग्णाची ठरवून तपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात या भेटीत गोळी चालू ठेवायची की थांबवायची, एवढाच प्रश्न चर्चेला येतो आणि ‘आता बरं वाटतं ना?’ या प्रश्नाला ‘हो, बरं आहे’ असे उत्तर मिळून भेट संपते. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला तुलनेने बरे वाटणारच. शिवाय धाप लागणारा माणूस नकळत आपले आयुष्य आखडून घेतो. तो लिफ्ट वापरू लागतो, बाजारात जाणे मुलावर सोपवतो, देवळाच्या पायऱ्या टाळून खालूनच नमस्कार करतो आणि मग त्याला खरोखरच त्रास जाणवेनासा होतो. म्हणून प्रश्न तुलनेचा हवा : ‘गुठळी होण्याआधी तुम्ही किती मजले न थांबता चढत होता, आणि आता किती चढता?’ घरातल्या बाईला पाण्याच्या कळशीबद्दल आणि लादी पुसण्याबद्दल विचारावे, शेतकऱ्याला बांधावरच्या चढाबद्दल. सोबत आलेल्या नातेवाइकाचे उत्तर अनेकदा रुग्णाच्या उत्तरापेक्षा अचूक असते.

बसलेल्या रुग्णाच्या बोटावर पल्स ऑक्सिमीटर लावून ९७ आकडा दिसला की समाधान मानू नये. त्याला दवाखान्याबाहेरच्या पॅसेजमध्ये सहा मिनिटे चालवावे आणि चालताना आकडा उतरतो का ते पाहावे. तो उतरला नाही म्हणून आजार नाही असे मात्र ठरत नाही.

वेळेच्या बाबतीत उलटी चूकही होते. तीन महिने प्रभावी औषधोपचार झाल्याशिवाय सीटेफचे निदान करता येत नाही, कारण दोन-चार आठवड्यांत केलेल्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीमध्ये) दिसणारा दाब अजून उतरणीवर असू शकतो. ‘प्रभावी’ या शब्दावर भर द्यायला हवा. वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) बहुतांश काळ २ ते ३ या मर्यादेत नसेल किंवा नवी गोळी महाग म्हणून एकाआड एक दिवस घेतली जात असेल, तर ते तीन महिने मोजता येत नाहीत. धाप वाढत असेल, भोवळ येऊन रुग्ण पडला असेल किंवा थुंकीतून रक्त आले असेल, तर अर्थातच तीन महिन्यांची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

धापेला सोयीचे कारण शोधणे

दमा, वाढलेले वजन, वय, अशक्तपणा, मनातली भीती ही सगळी कारणे खरी असू शकतात, आणि नेमके म्हणूनच ती फसवी ठरतात. गुठळीनंतर जवळजवळ निम्म्या रुग्णांना काही ना काही धाप किंवा थकवा उरतो. त्यांतल्या बहुतेकांना सीटेफ नसते, आणि अनेकांना नियमित, हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने फायदा होतो. पण तपासण्याआधीच कारण ठरवून इनहेलर सुरू केला, तर पुढच्या प्रत्येक भेटीत फक्त इनहेलरच बदलत राहतो. छाती ऐकायला स्वच्छ, एक्स-रे जवळपास निर्दोष, स्पायरोमेट्री (जोराने फुंकून करायची श्वासाची तपासणी) हीही ठीक आणि तरीही रुग्णाला धाप, ही विसंगती स्वतःच एक महत्त्वाची खूण आहे. पायांवर सूज आली की लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारे औषध, दिले जाते, सूज उतरते, आणि उजव्या हृदयाने दिलेला इशारा पुसला जातो. आपल्याकडे थुंकीतून रक्त आले की पहिला विचार क्षयरोगाचा येतो व तो यायलाच हवा. मात्र थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि रुग्णाला पूर्वी गुठळी झालेली असेल, तर केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करू नयेत. सीटेफमध्ये श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगतात, आणि रक्त तिथूनही येऊ शकते.

कोणाबाबत अधिक सावध राहावे? शस्त्रक्रिया, प्लास्टर, लांबचा प्रवास असे कोणतेही उघड कारण नसताना गुठळी झालेला रुग्ण. निदानाआधी दोन आठवड्यांहून अधिक काळ त्रास अंगावर काढलेला रुग्ण. पहिल्याच वेळी उजव्या हृदयावर ताण दिसलेला रुग्ण. थायरॉईडची गोळी घेणारा रुग्ण. थॅलेसेमियासारख्या रक्तविकारामुळे प्लीहा काढलेल्या व्यक्तीही याच गटात येतात. याशिवाय सीटेफच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांच्या इतिहासात गुठळीची नोंदच नसते, त्यामुळे ‘पूर्वी काही झालेले नाही’ या उत्तरावर विसंबून शक्यता बाद करता येत नाही.

तपासणीचा चुकीचा अर्थ लावणे

टू-डी इकोच्या अहवालात सर्वांची नजर पहिल्यांदा ‘ईएफ ६०’ या आकड्यावर जाते. तो आकडा डाव्या हृदयाचा आहे, म्हणजे ते दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलते ते सांगणारा; या आजारात तो अगदी उत्तम असू शकतो. पाहायचे असते ते उजव्या कप्प्यांचा आकार आणि उजव्या दोन कप्प्यांमधल्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग, जो सेकंदाला २.८ मीटरपेक्षा जास्त असेल तर शंका घ्यावी. म्हणून इकोच्या चिठ्ठीवर ‘पूर्वी पल्मोनरी एम्बोलिझम, उजवे हृदय व फुप्फुसातील दाब पाहावा’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे इको करणारा डॉक्टर ते शोधेल. इकोची सोय लगेच नसेल तिथे ईसीजी आणि रक्तातील एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणारा घटक) यांचा चांगला उपयोग होतो : ईसीजीवर उजव्या हृदयावरील ताणाची चिन्हे नसतील आणि एनटी-प्रोबीएनपी सामान्य असेल, तर सीटेफची शक्यता बरीच कमी होते.

याहून गंभीर गैरसमज सिटी अँजिओचा, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सिटी स्कॅनचा, आहे. ‘नवा सिटी केला, ताजी गुठळी नाही’ एवढ्यावर रुग्णाला निश्चिंत केले जाते. जुनी, भिंतीला चिकटलेली गुठळी ताज्या गुठळीसारखी दिसत नाही; ती जाळीसारखी, पट्ट्यासारखी किंवा रक्तवाहिनी अचानक बारीक झाल्यासारखी दिसते आणि सराव नसलेल्या नजरेतून सुटते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत व्हीक्यू स्कॅनची (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोहोचते ते दाखवणाऱ्या तपासणीची) संवेदनशीलता, म्हणजे असलेला आजार पकडण्याची क्षमता, ९६ टक्क्यांहून अधिक आणि त्या काळच्या सिटीची केवळ ५१ टक्के होती. यंत्रे त्यानंतर सुधारली आहेत, तरीही संशय असताना पहिली निवड व्हीक्यू स्कॅनचीच आहे, कारण तो सामान्य आला की सीटेफ जवळपास बाद होते. ही सोय न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असलेल्या शहरांतच मिळते, त्यामुळे तालुक्याच्या गावाहून रुग्णाला प्रवास करावा लागतो. तो करायला लावणे योग्यच आहे. इको सामान्य असूनही रुग्ण खरोखर मर्यादित झाला असेल, तर तिथेही थांबू नये, कारण विश्रांतीच्या वेळी दाब न वाढताही जुन्या गुठळ्या धाप लावू शकतात.

दाब दिसला म्हणून गोळी लिहिणे

इकोमध्ये फुप्फुसातील दाब वाढलेला दिसला की थेट सिल्डेनाफिल ही तो दाब उतरवणारी गोळी सुरू होते. थोडे बरे वाटते आणि शस्त्रक्रियेचा विचार वर्षभर मागे पडतो. सीटेफचे निदान उजव्या हृदयात बारीक नळी घालून दाब मोजणाऱ्या कॅथेटर तपासणीने पक्के करावे लागते, आणि रुग्ण शस्त्रक्रियेयोग्य आहे की नाही, हे या शस्त्रक्रियेचा नियमित अनुभव असलेल्या चमूनेच ठरवायचे असते. पल्मोनरी एन्डार्टरेक्टॉमी या शस्त्रक्रियेत शरीर सुमारे १८ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून, रक्ताभिसरण थोड्या थोड्या वेळासाठी थांबवून, चिकटलेला थर धमनीच्या आतून सोलून काढला जातो. ऐकताना छातीत धस्स होते, पण अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आहे. ज्यांना ती शक्य नाही त्यांच्यासाठी फुग्याची अँजिओप्लास्टी आणि २०१३ पासून उपलब्ध झालेले रिओसिग्वाट हे औषध आहे.

रक्त पातळ ठेवणारे औषध या रुग्णांना आयुष्यभर लागते. म्हणून संशयाचा उलगडा होईपर्यंत ते थांबवू नये, दात काढायचा म्हणून परस्पर बंद करू नये, आणि आयएनआरची कटकट नको म्हणून वॉरफेरिनऐवजी नवी गोळी देण्याआधी गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी झाली आहे ना, हे पाहावे. ती प्रतिपिंडे असतील तर वॉरफेरिनच सुरक्षित ठरते.

तज्ज्ञांकडे पाठवताना केवळ ‘धाप, कृपया पाहावे’ असे लिहू नये. गुठळी कधी झाली, कशामुळे झाली, औषध किती महिने आणि किती नियमित घेतले, आधी किती मजले चढत होता व आता किती चढतो, हे चार ओळींत लिहावे, आणि पहिल्या सिटी स्कॅनची सीडी सोबत द्यायला सांगावी. जुन्या गुठळीची चिन्हे अनेकदा त्या पहिल्या स्कॅनवरच असतात. ती सीडी घरात कुठे ठेवली आहे, हे रुग्ण पहिल्यांदा घरी परततो त्याच आठवड्यात विचारून ठेवावे.